निफाडच्या थंडीत ऑर्किडच्या पानांवर खड्डे पडलेत, झाड वाचेल का?

ओवी_निफाड :
मागच्या ओट्यावर माझ्या ऑर्किडच्या कुंड्या असतात. गेल्या आठवड्यात सलग तीन पहाटे तापमापकात ६ अंश दिसले. शेजारच्या द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटल्या होत्या, तरी कुंड्या आत घ्यायचं मला सुचलं नाही. आता फॅलिनॉप्सिसच्या वरच्या दोन पानांवर बोटाच्या पेराएवढे खड्डे पडलेत, कडा तपकिरी झाल्यात. जांभळ्या फुलांच्या डेंड्रोबियमची पानं पिवळी होऊन गळताहेत. आंब्याला बांधलेलं सीतेची वेणी हे रानातलं ऑर्किड मात्र ठणठणीत! फॅलिनॉप्सिस लेकीच्या बारशाला आईने दिलेलं आहे, त्यात जीव अडकलाय.

आमरीवाले_काका :
ताई, हा थंडीचा मार आहे, बुरशी नव्हे. औषध फवारू नका. १० अंशांच्या खाली फॅलिनॉप्सिसच्या पानातल्या पेशी आतून ढासळतात, वरची साल तशीच राहते, म्हणून पान खचलेलं दिसतं. ते डाग जाणार नाहीत, पण पान कापू नका, उरलेला हिरवा भाग झाडाला पोसतोय. मधला कोंब चाचपून बघा. घट्ट असेल तर झाड वाचलं. पाणचट होऊन हातात आला तर शेंडा कुजला.

फॅलिनॉप्सिस फिलिपाइन्स-इंडोनेशियाकडच्या उष्ण, दमट जंगलांतलं. रात्री १५-१६ च्या खाली त्याला सोसत नाही. तुमचं डेंड्रोबियमही बहुधा उष्ण प्रदेशातल्या जातीचं असणार. त्याच घराण्यातलं नोबिले हिमालयाच्या बाजूचं, त्याला हिवाळ्यात गारवा आणि कोरडेपणा दोन्ही लागतात, नाहीतर कळ्यांऐवजी पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, फुटतात. सिंबिडियम तर ५ अंशही काढतं. सीतेची वेणी आपल्या सह्याद्रीतलीच, हिवाळ्यात कोरडी मुळं फांदीला चिकटवून निजलेली असते. पाणी कधी घालता?

ओवी_निफाड :
संध्याकाळी, कामं आटोपल्यावर. गच्चीवरच्या टाकीचं.

आमरीवाले_काका :
तिथेच घात झाला. ते गार पाणी पानांच्या बेचक्यात रात्रभर साचतं. माझी दोन फॅलिनॉप्सिस अशीच गेली, सकाळी शेंडा उचलला तर मुळापर्यंत काळा. आता ऊन चढल्यावर, दहाच्या सुमारास, कोमट पाणी द्या, तेही कुंडीतली भर सुकल्यावरच. बेचक्यातलं पाणी कापसाने टिपून घ्या. खत फेब्रुवारीपर्यंत बंद.

वेण्णाकाठ :
आमच्याकडे महाबळेश्वरला तलावाकाठी दव गोठतं. निरभ्र रात्री उघड्यावरचं पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. म्हणून सिंबिडियमसुद्धा मी पत्र्याखाली सरकवते. वर नुसतं छप्पर असलं तरी फरक पडतो. आणि तापमापक भिंतीला नको, कुंडीच्या उंचीला लावा.

ओवी_निफाड :
कोंब चाचपला, घट्ट आहे! बेचक्यात खरंच चमचाभर पाणी होतं, टिपलं. दोन्ही कुंड्या माजघरात, पूर्वेच्या खिडकीशी ठेवल्यात. डेंड्रोबियमचे दांडे अजून हिरवे आहेत, ते ठेवू ना?

आमरीवाले_काका :
ठेवा, ठेवा. पानं गळाली तरी हिरव्या दांड्यात साठा असतो. मार्चमध्ये बुडाशी नवे कोंब फुटतात का बघा.