मदत हवी आहे: खंड्या (किंगफिशर पक्षी) बघायला पुण्याजवळ कुठे जाऊ?

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ मुळा-मुठा नदीवरच्या कवडीपाटला दोन-तीन रविवार पहाटे गेलो. साधा खंड्या तारेवर बसलेला हमखास दिसतो, कवड्या खंड्याही एकदा दिसला. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबला, मग दगडासारखा खाली! पण नदीचा वास आणि फेस सोसवत नाही. छोटा निळा खंड्या मात्र अजून नीट बघायलाच मिळालेला नाही, नुसती निळी रेघ सुर्रकन जाते.

पाषाण तलावाखेरीज शांत पाणवठा सुचवाल का? सोबत आई असते, गुडघे दुखतात, त्यामुळे चढ नको. आणि पावसाळ्यात तिबोटी खंड्यासाठी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात कोणत्या महिन्यात जावं? घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचे नाहीत, लांबून दुर्बिणीतून दिसला तरी पुष्कळ.