टाळेबंदीच्या गोड आठवणी पुरे झाल्या, गोव्याने मे २०२१ आठवावा

मांडवीकाठ

दर मार्चमध्ये तेच फोटो फिरू लागतात. मिरामारचा ओसाड किनारा, पणजीच्या अठरा जून रस्त्यावर चिटपाखरू नाही, मांडवी पुलावर एकही गाडी नाही. खाली कोणीतरी लिहितं, ‘काय शांत दिवस होते ते!’ मला हे वाचून संताप येतो, म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. गोव्याने नको तेव्हा दारं करकचून लावली आणि लावायला हवी होती तेव्हा सताड उघडी ठेवली.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आपल्याकडे लांबवला गेला आणि त्यातच देशाची टाळेबंदी येऊन मिळाली. केंद्राच्या आदेशात किराणा, दूध, भाजीला मुभा होती. आपल्याकडे सुरुवातीचे काही दिवस तीही दुकानं बंद. माल घरपोच देऊ असं सांगितलं, पण वाड्यावाड्यावर तो पोहोचवणार कोण? लोक तांदळासाठी, तान्ह्या मुलांच्या दुधासाठी वणवण करत होते आणि बाहेर दिसले तर दंडुके खात होते. तेव्हा बाधित किती होते? २५ मार्चला पहिले तीन सापडले, पुढे एकूण सात झाले. १९ एप्रिलला सातवा बरा झाल्याची घोषणा झाली.

आता २०२१ बघा. एप्रिलमध्ये दिल्ली, महाराष्ट्र ऑक्सिजनसाठी तडफडत होते आणि आपल्याकडे पर्यटक येतच होते, कॅसिनो निम्म्या क्षमतेने का होईना, चालू होते. २९ एप्रिलच्या संध्याकाळपासून चार दिवस बंद, मग ९ मेपासून संचारबंदी. बाहेरून येणाऱ्याला निगेटिव्ह प्रमाणपत्र सक्तीचं करायला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला सांगावं लागलं. तोवर तपासलेल्या दोघांतला जवळजवळ एक बाधित निघत होता. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २६ जण गेले, आणि हा आकडा आरोग्यमंत्र्यांनीच दिला. १३ तारखेच्या पहाटे आणखी १५.

त्या माणसांचे फोटो मार्चमध्ये नाहीत, मेमध्येही नाहीत. सगळे आठवतात तो किनारा.

---

कुळागर

मांडवीकाठ, २०२१ बद्दल तुम्ही लिहिलंत त्यातलं अक्षर बदलू नये. २०२० बद्दल मात्र ठाम असहमत.

‘सातच तर होते’ हे आज म्हणायला सोपं आहे. २४ मार्चला कोणाला ठाऊक होतं? त्याच महिन्यात दाबोळीला विमानं उतरत होती, हरमलपासून पाळोळेपर्यंत परदेशी माणसं होती. सुरुवातीला नमुने पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत (एनआयव्ही) पाठवून वाट बघावी लागे. बांबोळीत प्रयोगशाळा उभी राहिली, मडगावचं ईएसआय इस्पितळ कोविडसाठी मोकळं केलं, हे सगळं त्या बंदमध्येच झालं. सात राहिले ते बंद केलं म्हणून राहिले. गोव्यातला पहिला मृत्यू २२ जूनला झाला. तोपर्यंत मुंबईत काय चाललं होतं ते आठवा. किराणा बंद ठेवणं चूकच होतं, पण ती चूक मार्च सरता सरता सुधारली. तेवढ्यावरून अख्खी टाळेबंदी मोडीत काढू नका.

दुसरी गोष्ट, शांतता आठवली म्हणून कोणी निर्दय ठरत नाही. मी फोंडा तालुक्यातला. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून येईना तेव्हा गावातली तांबडी भाजी, भेंडे, नीरफणस दारोदार फिरू लागले. आईने पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, घरच्या घरी भरला: सोलं, खारवलेल्या तोरी, फणसाची साटं. जूनमध्ये आमच्या खालच्या मळ्यात, जिथे मी लहानपणापासून नुसतं गवत बघितलं, तिथे पॉवर टिलर फिरला. हॉटेलातली नोकरी गेलेली मुलं चिखलात उतरली. हा आपला गाव आहे आणि तो आपल्याला पोसू शकतो, हे तेव्हा दिसलं. ते विसरून जा असं म्हणणार का?

---

बार्देशचा टॅक्सीवाला

कुळागरबाब, तुमची ती शांतता आमच्याकडे बेकारी होती.

एप्रिल-मे हा आमचा देशी पर्यटकांचा हंगाम. सुट्टी पडली की कळंगुट-बागा भरतं. किनाऱ्यावरचे शॅक ३१ मेपर्यंत चालतात, मग चार महिने पाऊस. त्या दोन महिन्यांच्या कमाईवर पावसाळा निघतो. तो गेला. गाडीचा हप्ता बँकेने पुढे ढकलला, व्याज मात्र चालूच राहिलं. बायकोची पाटली गहाण पडली. मळ्यात उतरा म्हणाल, तर ज्याच्याकडे मळा नाही त्याने कुठे उतरायचं?

आणि मांडवीकाठ, तुमचंही पटत नाही. २०२१ मध्ये उघडं ठेवलं ते चूक म्हणता. त्याच्या आधी एक वर्ष आम्ही काय खाल्लं ते विचारलंत का? २ जुलै २०२० ला पर्यटक यायला परवानगी मिळाली, पण खरे ग्राहक १ सप्टेंबरला सीमा उघडल्यावर दिसू लागले. चार पैसे हातात येऊन काही महिने झाले होते, तेवढ्यात परत बंद करा म्हणणारे सगळे महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे होते. उघडल्यामुळे माणसं मेली नाहीत. इस्पितळाची तयारी नव्हती म्हणून मेली.

---

मांडवीकाठ

टॅक्सीवाले भाऊ, तयारी नव्हती हे अगदी खरं. पण तयारी नाही हे माहीत असताना दार उघडं ठेवणं हा वेगळा दोष होतो. आणि हप्त्याचं म्हणाल तर तुमच्यासाठी सरकारने थेट मदत द्यायला हवी होती. ‘धंदा करा आणि आजारी पडा’ किंवा ‘घरी बसा आणि उपाशी राहा’ एवढेच दोन रस्ते का असावेत?

---

सेवानिवृत्त परिचारिका

मी तेव्हा दुसऱ्या एका सरकारी इस्पितळात होते. बांबोळीच्या त्या वॉर्डांत नव्हते, म्हणून जे उघड नोंदीत आलं तेवढंच लिहिते.

ऑक्सिजन नव्हताच असं झालेलं नाही, तो खाटेपर्यंत नीट पोहोचत नव्हता. जंबो सिलिंडर ट्रॉलीवर रचलेले असत. ट्रॉली ट्रॅक्टरने ओढून आणायची, मॅनिफोल्डला, म्हणजे वॉर्डांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या सामाईक जोडणीला, जोडायची, रिकामी झाली की काढून दुसरी लावायची. एरवी हे निभून जातं. पण शेकडो माणसं एकाच वेळी जोरात ऑक्सिजन ओढत असताना ट्रॉली भराभर संपते, आणि बदलताना नळीतला दाब उतरतो. ज्या पेशंटची पातळी आधीच काठावर आहे त्याला ती मधली मिनिटं पुरत नाहीत. पहाटे तर हात कमी असतात. न्यायालयापुढेही ट्रॅक्टर आणि सिलिंडर जोडण्यातल्या अडचणीच सांगितल्या गेल्या. मग मेच्या मध्यात २०,००० लिटरची द्रवरूप ऑक्सिजनची टाकी बसली.

कुळागर म्हणतात पहिल्या टाळेबंदीने वेळ मिळवून दिला. दिला, मान्य. मग ती टाकी त्या वेळात का बसली नाही? मार्च २०२० ते मे २०२१. श्वासाचा आजार आहे हे पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. आम्ही वॉर्डात पीपीई घालून घामाने भिजत काम केलं ते या भरवशावर की मागे कोणीतरी पाईप, टाकी, प्लांट बघतंय.

ऐन मे महिन्यात अठरा वर्षांवरील सगळ्यांना आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध देण्याची घोषणाही झाली होती. ते कोविडवर चालतं याचा तेव्हा पुरावा नव्हता, आजही नाही. गोळ्यांसाठी जेवढा उत्साह होता तेवढा पाईपलाईनसाठी असता तर!

---

दोडामार्गकर

गोव्यातली मंडळी बोलताहेत, जरा सीमेच्या या, महाराष्ट्राच्या अंगाचंही ऐका.

आमच्या तालुक्यातले कितीतरी जण रोज थिवी, कोलवाळ, पिळर्ण, तुये इथल्या कारखान्यांत जातात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आमच्या बायका भाजी, काजूगर विकतात. दुखलं-खुपलं की आम्ही बांबोळीला येतो, कारण ओरोसचं जिल्हा इस्पितळ आमच्यापासून त्याहून लांब. २४ मार्चनंतर पत्रादेवीला आणि दोडामार्गला बॅरिकेड लागले आणि आम्ही एकदम परके झालो. घर अलीकडे, नोकरी पलीकडे. काही जण कारखान्यातच झोपले, बाकीच्यांनी पगार सोडला. कुळागर, तुमच्या गावात ‘आपला गाव’ सापडला त्याचा आनंद आहे. त्याच दिवसांत ‘भायले (बाहेरचे) नको’ हेही मोठ्याने ऐकू येत होतं, ते आमच्या कानांनी ऐकलंय.

---

वास्कोतला एक

दोडामार्गकर, भायले व्हायला सीमेपलीकडे राहावं लागत नव्हतं. १ जून २०२० ला मांगोर हिल सील झालं आणि आम्ही गोव्यातल्या गोव्यात भायले झालो. बॅरिकेड निघाल्यावरही आधार कार्डावरचा पत्ता बघून एका कारखान्याने मला गेटवरून परत पाठवलं. निगेटिव्ह अहवाल हातात होता. दाटीवाटीची वस्ती, सामाईक नळ, तिथे अंतर ठेवायचं कुठे? हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही.

---

सत्तरीची शिक्षिका

इथे सगळे बंद-चालू याच वादात आहेत. मुलांचं कोणी काढलंच नाही म्हणून लिहिते.

गोवा बोर्डाने दहावीची परीक्षा २१ मे २०२० पासून घेतली. मुलं मास्क लावून आली, पेपर लिहून गेली. मला त्या निर्णयाचा अभिमान आहे, कारण ती मुलं अधांतरी लोंबकळली नाहीत. खरे हाल जूननंतर. नगरगाव, ठाणे, केरी भागातल्या वाड्यांवर रेंज नाही. मुलं डोंगरावर चढत. सातवीतली एक मुलगी पावसात छत्री खांद्याला टेकवून, मोबाईल दुधाच्या पिशवीत गुंडाळून तास ऐकायची. वडील शेजारी कोयता घेऊन उभे, कारण वाटेत रान आहे आणि गवे उतरतात. घरात एकच फोन, तोही वडिलांचा. ते कामावर गेले की शाळा संपली. आम्ही स्वाध्यायाच्या झेरॉक्स गावच्या दुकानात ठेवायचो आणि आठवड्याने भरलेल्या परत आणायचो. दर आठवड्याला गठ्ठा पातळ होत गेला.

कॅसिनो दुसऱ्या बंदनंतर २० सप्टेंबर २०२१ ला उघडले. प्राथमिकच्या मुलांना वर्गात बसायला २०२२ उजाडलं. तिसरी-चौथीत आलेल्या मुलांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती. टॅक्सीवाले भाऊ, तुमचा धंदा उघडायला हवा होता हे मला पटतं. पण आधी काय उघडायचं याच्या यादीत शाळा इतकी खाली कशी गेली?

---

बार्देशचा टॅक्सीवाला

बाई, माझी स्वतःची मुलगी तेव्हा दुसरीत होती. याला माझ्याकडे उत्तर नाही. कॅसिनोची बाजू मी घेतलेली नाही, घेणारही नाही.

---

म्हादईचं पाणी

मला कुळागरांना विचारायचंय. शांततेत निसर्ग परत आला असं सगळेच म्हणतात. ७ एप्रिल २०२० ला, आपण दारं लावून बसलो असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने व्हिडिओ कॉन्फरन्सवर बैठक घेतली आणि मोले-भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या चौपदरी महामार्गाला आणि तमनार वीजवाहिनीला हिरवा कंदील दाखवला. ग्रामसभा बंद, मोर्चा बंद, चार माणसं जमली तर गुन्हा. एरवी असा निर्णय झाला असता तर दुसऱ्या दिवशी पणजीत माणसं उतरली असती. ती उतरली नोव्हेंबरात, त्याच रानातून जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध, चांदरला रात्रभर रुळांजवळ. किनारा काही आठवडे स्वच्छ दिसला त्याचं कौतुक करताना हेही त्याच एप्रिलचं आहे हे धरा.

---

कुळागर

म्हादई, हा मुद्दा मी सोडणार नाही, पण टाळेबंदीच्या खात्यावर टाकणारही नाही. तो डाव बैठक घेणाऱ्यांचा. आणि चांदरला जी माणसं बसली त्यांना त्या सहा महिन्यांत आपलं रान, आपलं पाणी जवळून दिसलं होतं, असं मला मनापासून वाटतं. पर्यटनाशिवायचा गोवा कसा असतो हे आमच्या पिढीने पहिल्यांदा तेव्हाच बघितलं.

परिचारिका ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते माझ्याच बाजूचं आहे. मिळालेला वेळ वाया घालवला हा वेळ मिळवणाऱ्यांचा दोष नव्हे. लोकांनी आपलं काम केलं. शिगमो सोडला, शिरगावची लईराईची जत्रा सोडली, चवथीला मुंबईच्या भावाला येऊ नको म्हणून सांगितलं. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली ती घरातल्या चौघांनीच. एवढं सोसलेल्या लोकांना ‘तुमची टाळेबंदीच फुकट’ असं सांगणं मला अपमानाचं वाटतं.

---

मांडवीकाठ

कुळागर, लोकांचा त्याग मी फुकट म्हणत नाही, माझं बोट दुसरीकडे आहे. तो त्याग ज्यांच्या हाती सोपवला त्यांनी त्याचं काय केलं, हे विचारायला गोड आठवणी आड येतात. मे २०२१ मध्ये बांबोळीतल्या ऑक्सिजनच्या चौकशीसाठी आयआयटी गोव्याच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचं नाव आज किती गोवेकरांना आठवतं? पंधरा लाखांचं राज्य आपलं, चार हजारांच्या आसपास माणसं गेली. प्रत्येक गावात कोणी ना कोणी आहे. तरी एकाही चौकात त्यांच्या नावाचा दगड माझ्या पाहण्यात नाही.

मी येत्या ग्रामसभेत ठराव मांडणार आहे. आमच्या पंचायतीत कोविडने गेलेल्यांची नावं, घरच्यांची परवानगी घेऊन, पंचायत घरात लावावीत. आणि गावच्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजनची सोय काय आहे, ती कधी तपासली, हे दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावं. इथल्या प्रत्येकाने आपापल्या पंचायतीत हेच करावं.

---

सेवानिवृत्त परिचारिका

ठरावात ‘सोय काय आहे’ एवढंच नको. जोडणी कोण करणार, रात्रपाळीला कोण, प्लांटची देखभाल कोणाकडे, ही तिन्ही नावं लिहून घ्या. नाहीतर टाकी असेल आणि पहाटे तीनला व्हॉल्व्ह उघडणारा नसेल.

---

कुळागर

आमच्या पंचायतीत मी मांडतो. दोडामार्गकर आणि वास्कोवाले म्हणतात त्यांचीही नोंद व्हावी, म्हणून भाड्याने राहणारे, परराज्यातले कामगार जे गेले त्यांचीही नावं यादीत घालायची, एवढी भर माझी. पण ‘२०२० ची टाळेबंदी अनावश्यक होती’ असं एकही वाक्य मसुद्यात असेल तर मी उभा राहून विरोध करीन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

---

मांडवीकाठ

ते वाक्य असणार आहे. ग्रामसभेत भेटू.