मदत हवी आहे: स्ट्राँगस्वानचं (व्हीपीएन सॉफ्टवेअर) जुनं व्हर्जन, सीआरएल (रद्द सर्टिफिकेटची यादी) चेक चालू ठेवून डॉस (सेवा ठप्प करणारा हल्ला) कसा अडवू?

मंडळी, आमच्या व्हीपीएन गेटवेवर स्ट्राँगस्वान ५.९.१ आहे, सोर्सवरून कंपाइल केलेलं, त्यामुळे डिस्ट्रोचा पॅच आपोआप येत नाही. सीव्हीई-२०२२-४०६१७ या सुरक्षा त्रुटीचा प्रश्न आहे, म्हणजे समोरच्याने पाठवलेल्या सर्टिफिकेटमधल्या सीआरएल किंवा ओसीएसपीच्या (सर्टिफिकेट रद्द आहे का ते ऑनलाइन विचारायची सोय) यूआरएलवर रिव्होकेशन प्लगिन (रद्द झालंय का ते तपासणारा भाग) आधी जातं आणि सर्टिफिकेट विश्वासातलं आहे का ते नंतर बघतं. हल्लेखोराने स्वतःच बनवलेल्या सर्टिफिकेटमध्ये स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता घातला आणि तो सर्व्हर कनेक्शन घेऊन नुसता गप्प बसला की आपला थ्रेड (काम करणारा धागा) तिथेच लटकतो. डीफॉल्टला थ्रेड १६च, किती वेळ टिकणार!

५.९.८ मध्ये हे दुरुस्त झालंय माहितीये, अपग्रेड करणारच आहे, पण डाउनटाइम पुढच्या महिन्यातच मिळतोय. रिव्होकेशन प्लगिन बंद करता येत नाही, कारण हरवलेल्या लॅपटॉपची सर्टिफिकेट रद्द केलीयेत, ती परत आत यायला नकोत. गेटवेवरून बाहेर जाणारं एचटीटीपी फायरवॉलला फक्त आमच्या सीआरएल सर्व्हरपुरतं ठेवून बघितलं, पण आधी ड्रॉप (उत्तर न देता पॅकेट टाकून देणं) लावलं होतं तर कनेक्ट टाइमआउट होईपर्यंत थ्रेड अडकूनच राहायचा, आता रिजेक्ट (लगेच नकार कळवणं) केलंय तर लगेच सुटतो.

आता विचार असा आहे की यूआरएलवरून फाइल आणणारं कर्ल प्लगिनच लोड करायचं नाही, सीआरएल फाइल क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारं) एक्स५०९सीआरएल फोल्डरमध्ये टाकायची आणि स्वानसीटीएलने (स्ट्राँगस्वानची कमांड) क्रेडेन्शियल्स रीलोड करायची. ओसीएसपी आम्ही वापरत नाही, रिव्होकेशन स्ट्रिक्टवर आहे, म्हणजे रद्द आहे की नाही ते कळलं नाही तर सर्टिफिकेट नाकारलं जातं.

असं कुणी प्रॉडक्शनमध्ये चालवलंय का, आणि रीलोड केल्यावर चालू असलेले टनेल तुटतात का?