देल्फ ए-वनची तोंडी: ओळख पाठ आहे, पण प्रश्न विचारता येत नाहीत

तापीकाठ (जळगाव)
आठवी-नववीच्या 14 मुलांना देल्फ ए-वनला (फ्रेंचची अगदी पहिल्या पातळीची परीक्षा) बसवतेय, शाळकरी मुलांसाठीची जी असते ती. लेखीची काळजी नाही. तोंडीत मात्र स्वतःची ओळख धडाधड म्हणतात आणि मधे काही विचारलं की गाडी बंद. चिठ्ठ्या ओढून प्रश्न विचारायचा भाग तर कोणालाच जमत नाही. दीड महिना हातात आहे, आठवड्याला 3 तासिका. घरी कोणालाच फ्रेंच येत नाही. सुरुवात कुठून करू?

सातपुडा_पायथा
मॅडम, आधी वेळेचा हिशोब बघा. तोंडी 25 गुणांची, 5 ते 7 मिनिटांची. त्याआधी 10 मिनिटं तयारीला मिळतात, ती दुसऱ्या (चिठ्ठ्यांवरून प्रश्न) आणि तिसऱ्या (दुकानासारखा संवाद) भागासाठी. ओळखीचा पहिला भाग जेमतेम मिनिटभराचा, आणि मुलांची सगळी मेहनत तिथेच चाललीय. उत्तीर्ण व्हायला 100 पैकी 50 लागतात, पण चारही कौशल्यांत 25 पैकी किमान 5 हवेतच. लेखीच्या जिवावर तोंडी सोडून देता येत नाही.

आता चिठ्ठ्या. मूल 6 चिठ्ठ्या ओढतं, प्रत्येकीवर एखादा शब्द असतो, त्यावरून परीक्षकाला प्रश्न विचारायचा. वर्गात प्रश्न कायम शिक्षकच विचारतात, म्हणून ‘शनिवार’ दिसला की मूल स्वतःचा शनिवार सांगायला लागतं. तो शब्द प्रश्नात आलाच पाहिजे असंही नाही, विषय तोच असला की पुरे. हे मुलांना माहीत नसतं आणि तिथेच अडतात.

जुन्या लग्नपत्रिका कापून 40 चिठ्ठ्या करा: सुट्टी, धंदा, भाऊ, खेळ, जेवण, घर वगैरे. रोज तासिकेची पहिली 10 मिनिटं मुलं विचारतील, तुम्ही फक्त उत्तर द्यायचं. एका चिठ्ठीवर दोन प्रश्न. ‘शनिवार’वर एक ‘केस्क व्हू फेत ल साम्दी?’ (शनिवारी तुम्ही काय करता?) आणि दुसरा ‘व्हू त्राव्हाये ल साम्दी?’ (शनिवारी तुम्ही काम करता का?) मुलानेच उत्तर दिलं तर चिठ्ठी परत गठ्ठ्यात. आणि ‘व्हू’च (आदराचं ‘तुम्ही’) हवं. आपसात सराव करताना ‘त्यू’ची (‘तू’ची) सवय लागते आणि परीक्षकासमोरही तेच तोंडून निघतं.

केळीबाग_रावेर
वरच्याशी सहमत. तिसऱ्या भागाचं सांगतो. दोन विषय ओढायचे, एक निवडायचा. बहुधा दुकान, तिकीट किंवा हॉटेल. खोटी नाणी-नोटा समोर असतात. सरावालाही कागदी युरो करा: 5, 10, 20 च्या नोटा, 1 आणि 2 ची नाणी, 50 सांतीम.

गुण जातात ते असे. बाँजूर (नमस्कार) न म्हणता थेट माल मागणं. ‘झ व्हूद्रे’च्या (‘मला हवं होतं’) जागी ‘झ व्ह’, म्हणजे ‘मला पाहिजे’, दुकानात उद्धट वाटतं. ‘अँ किलो द तोमात’ (किलोभर टोमॅटो) ऐवजी ‘अँ किलो दे तोमात’. मापानंतर ‘द’च येतो. भाव करायला मात्र शिकवू नका, आपल्या बाजारची सवय तिथे कामाची नाही 😄 किंमत विचारली, पैसे मोजले, मेर्सी (आभार) आणि ओर्व्हुआर (येतो) म्हटलं की झालं.

खरी अडचण किंमत कानाने समजण्यात आहे. 75 म्हणजे साठ-पंधरा, 90 म्हणजे चार-वीस-दहा. तुम्ही किंमत बोला, मुलांनी तेवढे पैसे टेबलावर ठेवायचे. लिहून घेऊ नका, हातानेच मोजू द्या.

तयारीच्या 10 मिनिटांत पूर्ण वाक्यं लिहू देऊ नका, नाहीतर कागद वाचत बसतात. सहा प्रश्नांची फक्त सुरुवात लिहायची, दुकानासाठी तीन वस्तू आणि त्यांचं माप. विषय एकदा निवडला की बदलायचा नाही.

धुळेकर_ध्वनी
उच्चाराचं थोडं. (देवनागरी इथे ओळखीपुरती लिहितोय. मुलांना वहीत फ्रेंचखाली देवनागरी लिहू देऊ नका, अर्धे स्वर त्यातच मरतात.)

‘र्यू’ म्हणजे रस्ता आणि ‘रू’ म्हणजे चाक, हा फरक आधी पक्का करा. ‘र्यू’तल्या स्वरासाठी ‘ई’ म्हणायचा, जीभ तिथेच ठेवायची आणि ओठ शिट्टीसारखे गोल करायचे. ‘बाँ’च्या (चांगला) शेवटी ओठ मिटले किंवा जीभ टाळूला लागली तर ते ‘बोम’, ‘बोन’ होतं. आरशात बघून म्हणायला लावा.

तिसरं ‘स’ आणि ‘झ’. ‘प्वासाँ’ म्हणजे मासा, ‘प्वाझाँ’ म्हणजे विष. हॉटेलच्या संवादात हे फारच महागात पडेल. ‘स’ लांबवताना गळ्यावर बोट ठेवून कंप आणा, म्हणजे तो ‘झ’ होतो. आपला ‘माझा’तला झ नव्हे. घशातल्या ‘र’वर वेळ घालवू नका, जिभेच्या टोकाचा र कळतो.

तापीकाठ (जळगाव)
खूप उपयोगी, आभार. ओळखीचा परिच्छेद मग पूर्ण बंद करू का? एकत्र कुटुंबातली मुलं ‘मला सात भाऊ’ सांगतात, तेव्हा काय करायचं?

सातपुडा_पायथा
बंद नका करू, तुकडे करा. नाव, वय, गाव, घर, आवड. हे कोणत्याही क्रमाने विचारा आणि दुसऱ्या वाक्याला मधेच तोडा. चुलत भावाला ‘कूझँ’ शिकवा, नाहीतर सात भावांवर परीक्षक पुढचा प्रश्न टाकणारच. वयाला ‘झे’ (माझ्याकडे आहे) लागतं, ‘झ स्वी’ (मी आहे) नाही, ही चूक इंग्रजीवरून येते. आणि भरीत सांगायचं असेल तर ‘ओबेर्झीन’ (वांगं) एवढं पुरे, रेसिपीत शिरू देऊ नका, ए-वनची वाक्यं तिथे संपतात.

प्रश्न कळला नाही तर ‘पूव्हे-व्हू रेपेते, सिल व्हू प्ले?’ (कृपया पुन्हा सांगाल का?) म्हणायचं, गप्प बसायचं नाही. हे एक वाक्य मात्र सगळ्यांना पाठ हवंच.