मदत हवी आहे: टायरच्या हवेचा दिवा लुकलुकतो, पण हवा बरोबर आहे

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा. गाडी 2018 ची, चारही चाकांत कंपनीचे मूळ सेन्सर. गाडी चालू केली की हवेचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटूनच राहतो. स्क्रीनवर तीन चाकांचे आकडे येतात, मागच्या डाव्या चाकापुढं नुसत्या दोन रेघा.

पाहून झालंय ते सांगतो. सकाळी गाडी हलवायच्या आधी गेजनं मोजलं, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं चारही चाकांत 33 पीएसआय. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी सोडलं, एक बुडबुडा नाही. मेन्यूतून रीसेट केलं, फरक नाही. हे सगळं मागचे दोन टायर नवे घातल्यापासून सुरू झालंय.

शोरूमवाले म्हणतात चारही सेन्सर बदला. टायरवाले मेस्त्री म्हणतात, हवा आहे ना, मग दिव्याकडं बघूच नका. मला दोन्ही पटत नाही. आईला तपासणीला वरचेवर बेळगावला न्यावं लागतं. उसाचा हंगाम, संकेश्वरच्या पुढंमागं ट्रॉल्यांची रांग, रस्त्यावर खिळे-तारा पडलेल्या. वंटमुरी घाटात चाक बसलं तर आईला घेऊन हायवेच्या कडेला उभं राहायची पाळी यायला नको.

एकच सेन्सर बदलून चालेल का? तो खरंच गेलाय हे टायर न उतरवता कळतं का? शिवाय काकतीपर्यंत बाकीच्या चाकांचे आकडे 36-37 वर जातात, तेव्हा हवा कमी करायची का?

उत्तर:

दादा, शेवटचं आधी: गरम टायरची हवा अजिबात सोडू नका. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. हायवेला तीन-चार पीएसआय चढणारच, आणि चढलेली सोडलीत तर दुसऱ्या दिवशी पहाटे चाक कमी भरेल.

आता दिवा. हवा कमी असती तर तो सरळ पेटला असता. आधी लुकलुकून मग पेटतो म्हणजे सिस्टीमला एका सेन्सरचा सिग्नल मिळत नाहीये. टायर घातल्यावरच सुरू झालं म्हणून माझा पहिला संशय टायर उतरवायच्या मशीनवर. सेन्सर रिमच्या आत व्हॉल्व्हला चिकटूनच असतो, टायर उतरवताना पट्टी तिथं लागली की फुटतो. दुसरं कारण बॅटरी. ती आतच बंद केलेली असते, साधारण पाच ते दहा वर्षं चालते, वेगळी बदलता येत नाही.

टायर न उतरवता कळतं. हातात धरायचं सेन्सर तपासायचं यंत्र व्हॉल्व्हजवळ धरलं की चालू सेन्सर आपला नंबर, प्रेशर आणि बऱ्याचदा बॅटरीची स्थितीही सांगतो. बेळगावात मोठ्या टायर दुकानांत आधी फोनवर विचारून जा. तिथं तो गप्प राहिला तर तेवढा एकच बदला. नवा घेताना त्याच्या सिग्नलची फ्रीक्वेन्सी जुन्याशी जुळायला हवी, आणि त्याचा नंबर गाडीत नोंदवून घ्या, नाहीतर नव्यालाही रेघाच दिसतील. चारही आजच बदलायची गरज नाही. मात्र बाकीचे तिघं त्याच वयाचे आहेत, पुढल्या वेळी त्यांचे टायर बदलाल तेव्हा त्यांचा विचार करा, उतरवणं आणि बॅलन्सिंग एकदाच होईल.

व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असेल तर आतली पिन निकेल चढवलेलीच घाला. साधी पितळी पिन पावसाळ्यात गंजून अडकते.

तोवर आईंना घेऊन निघायच्या सकाळी ते डावं चाक गेजनं मोजल्याशिवाय निघू नका. यंत्र काय म्हणालं ते इथं नक्की लिहा, माझीही गाडी त्याच सालातली आहे.