‘अर्कम नाइट’मधल्या रणगाड्यानं बॅटमॅनचा खेळ बिघडवला का? सोलापूरकर खेळणाऱ्यांनो, मत द्या

रात्रपाळी_अशोकचौक

आधीच सांगतो, खाली कथेतलं बरंच काही उघडं होणार आहे. ज्यांचा ‘बॅटमॅन: अर्कम नाइट’ हा व्हिडिओ गेम अजून संपायचाय त्यांनी इथूनच मागं फिरावं.

परवा मित्राच्या घरी यावरून वाद झाला आणि तो मिटला नाही, म्हणून इथं मांडतोय. रॉकस्टेडी या कंपनीनं २००९ साली ‘अर्कम असायलम’ आणि २०११ साली ‘अर्कम सिटी’ करून जे कमावलं, त्यातलं निम्मं २०१५ च्या ‘नाइट’मध्ये एका गाडीपायी घालवलं, असं माझं ठाम मत आहे.

गाडी चालवायला वाईट आहे असं मी म्हणत नाही. छतावरून झेप घ्यायची, केप पसरून खाली यायचं, एक बटण दाबलं की बॅटमोबाईल खालून येऊन आपल्याला उचलून घेते. ते बघताना आजही अंगावर काटा येतो. पण पुढं त्या गाडीचा रणगाडा होतो, आणि तिथं बॅटमॅन संपतो.

बॅटमॅनचा खेळ म्हणजे काय? उंचावर अंधारात बसायचं, खाली सहा-सात बंदूकवाले. एकाला उलटा टांगला की बाकीच्यांचा आवाज बदलतो. ते पाठीला पाठ लावून फिरायला लागतात, डिटेक्टिव्ह मोड (भिंतीपलीकडचंही दाखवणारी नजर) लावला की घाबरलेत हे सरळ दिसतं. भीती हेच त्याचं हत्यार. रणगाड्याच्या लढाईत घाबरणारं कुणी नाहीच. समोरच्या बिनमाणसांच्या ड्रोन रणगाड्याची नेमाची रेष दिसली की बाजूला सरकायचं, तोफ डागायची, परत सरकायचं. शेवटी शेवटी तर लाटेमागून लाट येते, आणि आपण कुठला खेळ लावलाय हेच विसरायला होतं.

डेथस्ट्रोक या भाडोत्री मारेकऱ्याचं तर बोलूच नका. २०१३ च्या ‘अर्कम ओरिजिन्स’मध्ये जहाजावर त्याच्याशी समोरासमोर मारामारी होती, चुकला की मेला. इथं तोच माणूस रणगाड्यात बसून येतो. मागून जाऊन रणगाडा फोडायचा, तो बाहेर पडतो आणि एका फटक्यात आडवा. मालिकेतल्या सर्वात तगड्या लढवय्याची अशी बोळवण मला अजून पचलेली नाही.

सदरबझारची

डेथस्ट्रोकबद्दल एक शब्दही काढत नाही, तिथं बाजू घ्यायला जागाच नाही. पण त्या एका लढाईवरून अख्खी गाडी मोडीत काढताय, ते पटत नाही.

गाडी का आणली ते बघा. ‘सिटी’चा नकाशा लहान होता, ‘नाइट’चा त्याच्या कितीतरी पट मोठा. तीन बेटं, मधे रुंद रस्ते. स्केअरक्रो या खलनायकाच्या विषारी वायूच्या धमकीनं लोक शहर सोडून गेलेत, रस्त्यावर फक्त गुंड आणि अर्कम नाइट या मुखवटेवाल्या खलनायकाची फौज. अशा शहरात फौजेशी लढायचं तर नुसत्या फेकायच्या बॅटरँगनं होणार आहे का? शिवाय शत्रूचे रणगाडे बिनमाणसांचे ठेवलेत, हे मुद्दाम केलंय. बॅटमॅन जीव घेत नाही हा नियम पाळूनच तोफ द्यायची तर समोर माणूस नकोच. माणसांवर गाडीतून मारा केला तरी ती दंगल पांगवायची साधी गोळी असते, आणि कुणी गाडीच्या वाटेत आलं तर विजेचा झटका बसून बाजूला फेकलं जातं. करणाऱ्यांनी यावर डोकं चालवलेलं आहे.

आणि तुम्ही कोब्रा रणगाडे विसरलात. त्यांना समोरून काही होत नाही. त्यांच्या नजरेच्या टप्प्याबाहेर राहून गल्लीबोळातून मागं जायचं, मागच्या बाजूवर नेम धरायचा, मारायचं आणि पळायचं. तो लपाछपीचाच खेळ आहे, फक्त चाकांवर.

रात्रपाळी_अशोकचौक

विजेच्या झटक्याचंच मला सर्वात जास्त खटकतं. ताशी शंभरच्या वेगानं गाडी माणसाला उडवते, तो दहा हात लांब जाऊन भिंतीवर आपटतो आणि खेळ सांगतो, बेशुद्ध आहे. नियम पाळल्याचा देखावा झाला हा. ‘असायलम’मध्ये प्रत्येक फटक्यावर माझा विश्वास बसायचा, इथं नजर चुकवावी लागते.

कोब्राचं बोलाल तर कल्पना चांगली आहे, मान्य. पण माझ्याकडं पायी लपायचा इतका उत्तम खेळ असताना तोच रणगाड्यात बसून हळूहळू का खेळू?

मागवाल्याचा_पोरगा

मी तर गाडीपेक्षा मारामारीवर बोलणार. तिच्यावर कुणीच बोलेना बे.

आमच्याकडं यंत्रमाग होते, धोट्याचा आवाज ऐकतच मोठा झालो. या खेळातली मारामारी मला तशीच वाटती. डावं बटण फटका, उजवं बटण पलटवार, समोरच्याच्या डोक्यावर निळी खूण दिसली की दाबायचं. उगं बटणं बडवली तर ठेका तुटला, आणि तुटला की मागासारखंच सगळं थांबतं, परत शून्यापासून सुरू. ठेका धरला तर पंधरा जणांत एकटा फिरतोस आणि अंगाला हात लागत नाही. ‘नाइट’मध्ये तर पडलेल्याला उचलून मारता येतंय, गुंडाच्या हातातली काठी हिसकून त्यालाच देता येतीय, भीतीचा हल्ला करून एका दमात तिघं, नंतर पाच जण लोळवता येतायत. मधेच रॉबिन, नाइटविंग, कॅटवूमन या बॅटमॅनच्या साथीदारांत उडी मारून खेळता येतंय. इतकी चांगली मारामारी त्यांनी आधी कधीच केली नव्हती.

म्हणून मला राग वेगळाच आहे. एवढं चांगलं हातात देऊन परत परत गाडीत बसवतात. मी अशोकचौकवाल्याच्या बाजूनं.

झुलता_कोळी

मुळात गाडीची गरजच काय होती? ‘सिटी’पासूनच हुक मारून वर खेचलं जाताना जोर घेऊन हवेत उसळी मारायची सोय आहे. ‘नाइट’मध्ये ती इतकी सुधारली की अख्खं बेट पाय न टेकवता पार होतं. इन्सोम्नियाक कंपनीनं २०१८ च्या स्पायडर-मॅनमध्ये तेच ओळखलं आणि सगळा खेळ फिरण्यावर उभा केला. जाळं खरोखर इमारतीला चिकटतं. सेंट्रल पार्कवर गेलात की इमारती नाहीत, मग झाडांना धरून खालून जावं लागतं, वेग कमी होतो. शहराच्या रचनेप्रमाणं खेळ बदलतो. सुपरहिरोचा खेळ असा असावा. ताकद अंगात पाहिजे, गॅरेजमध्ये नको.

सदरबझारची

झुलण्याच्या बाबतीत स्पायडर-मॅनला तोड नाही, खरंय. पण तुमच्या त्याच खेळात झुलून पोचल्यावर काय करता? तेच दरोडे, तीच गाडी थांबवायची, त्याच टोळ्या. आणि पोशाख काढून मेरी जेनच्या (स्पायडर-मॅनच्या मैत्रिणीच्या) हातात खेळ दिला की लपत लपत चालायचं, तेव्हा तुमचं झुलणं कुठं जातं? जिथं खेळ आपला मुख्य गुण बाजूला ठेवून दुसरं काही करायला लावतो, तिथं लोक चिडतात. बॅटमॅनला तेवढ्यासाठी दोष द्यायचा आणि कोळ्याला सोडायचं, हे चालणार नाही.

झुलता_कोळी

मेरी जेनचे भाग छोटे आहेत हो. वीसेक तासांच्या खेळात ते कितीसे? रणगाडा तर मुख्य कथेत जागोजागी आडवा येतो. अर्कम नाइटशी लढायचं म्हटलं तरी आधी रणगाडाच!

विजापूर_रोड_जुना_खेळाडू

तरुण मंडळींना एक आठवण करून देतो. पीसीवर हा खेळ २३ जून २०१५ ला आला तेव्हा तो चालण्याच्या लायकीचा नव्हता. सेकंदाला तीस फ्रेमची (चित्रांची) मर्यादा लावलेली, तरी अडखळायचा. खेळ विकणाऱ्या वॉर्नर कंपनीनं दुसऱ्याच दिवशी पीसीवरची विक्री थांबवली आणि दुरुस्त करून ऑक्टोबरच्या शेवटी परत आणला. पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या लोकांचा राग योग्यच होता. गाडी वेगात गेली की सर्वात जास्त अडखळायचं, त्यामुळं पीसीवाल्यांचा गाडीवर राग बसला तो तेव्हापासून, आणि तेच मत पुढं ऐकीव चालत आलं. आज बऱ्या ग्राफिक्स कार्डवर पावसातलं ते शहर बघा. ओल्या रस्त्यावर निऑनचा उजेड, केपवरून ओघळणारं पाणी. दहा वर्षं झाली, तरी आजचे कित्येक खेळ त्याच्यापुढं फिके वाटतात.

तासावर_खेळणारा

माझ्याकडं घरी पीसी नाही, सात रस्त्याच्या बाजूला कॅफेत तासावर पैसे देऊन खेळतो. त्यामुळं माझा हिशोब वेगळा आहे. तासाभरात काहीतरी हाताला लागलं पाहिजे. गाडीची लढाई पाच-सात मिनिटांत संपते, नाका मोकळा झाल्याची खूण नकाशावर येते, समाधान वाटतं. लपून मारायच्या खोलीत नीट खेळायचं तर अर्धा तास तिथंच जातो. मला दोन्ही हवेत आणि दोन्ही मिळतात. गाडी नसती तर मी हा खेळ पूर्ण केलाच नसता.

मला कुणी चिडवलं असेल तर कोडी घालणाऱ्या रिडलर या खलनायकानं. २४३ कोडी आणि बक्षिसं, आणि ती सगळी गोळा केल्याशिवाय त्याला पकडता येत नाही. त्याला पकडल्याशिवाय कथेचा पूर्ण शेवट दिसत नाही. तासाला पैसे मोजणाऱ्यानं काय करायचं? पैसे देऊन खेळ घेतला तर शेवट दाखवा ना सरळ.

मागवाल्याचा_पोरगा

लई बरोबर बोललास. आणि त्यात परत रिडलरच्या गाडीच्या शर्यती. भिंतीवरनं, छतावरनं चालवायला लावतोय. बॅटमॅन आणि शर्यत!

सदरबझारची

शेवट अडवून ठेवला ते मलाही मान्य नाही. पण कोड्यांतली गाडी मला आवडते. दोर लावून भिंत पाडायची, गाडी आत न्यायची, स्वतः बाहेर राहून रिमोटनं ती चालवायची, तिच्या वजनानं लिफ्ट खाली-वर करायची, आणि मग आपण वर चढायचं. बॅटमॅन आणि गाडी दोघं मिळून एक कोडं सोडवतात, हे आधीच्या कुठल्याच भागात नव्हतं. रणगाड्याच्या लढाया निम्म्या कमी केल्या असत्या आणि अशी कोडी दुप्पट ठेवली असती तर आज हा वादच झाला नसता.

रात्रपाळी_अशोकचौक

या शेवटच्या वाक्यावर मी सही करतो.

किल्ल्याजवळची

सगळे गाडीवर तुटून पडलेत आणि जोकरचं कुणी नाव घेत नाही, म्हणून लिहितेय.

‘सिटी’च्या शेवटी जोकर मेला. इथं तो बॅटमॅनच्या डोक्यात जिवंत आहे. आपण छतावरनं फिरत असतो, कॅमेरा वळवतो, तर तो कठड्यावर पाय सोडून बसलेला. मघाशी नव्हता. आपण काय केलं त्यावर टोमणे मारतो, मागं वळून परत बघितलं तर गायब. माझ्या चुलत बहिणीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिनं हातातला कंट्रोलरच खाली ठेवला.

आणि शेवटचा भाग. जोकरच्या डोळ्यांनी चालायचं, हातात बंदूक, अंधार, आजूबाजूला बॅटमॅनचे पुतळे. पाठ फिरवली की पुतळे जवळ येतात. जगाला हसत मारणारा हा माणूस एकाच गोष्टीला घाबरतो, लोक आपल्याला विसरतील याला. पहिल्या पोस्टमध्ये म्हटलंय ना, भीती हे बॅटमॅनचं हत्यार. तिथं ते हत्यार जोकरवर चालतं, तेही एक गोळी न झाडता. केविन कॉनरॉय आणि मार्क हॅमिल या दोघांच्या आवाजाचं काम ऐका. कॉनरॉय नोव्हेंबर २०२२ मध्ये गेले, त्यानंतर मी हा भाग परत खेळले, आणि बॅटमॅनचा आवाज कानावर आल्यावर डोळे भरून आले.

ज्या खेळात हे आहे त्याला गाडीपायी ‘निम्मं घालवलं’ म्हणणं मला अन्याय वाटतो.

रात्रपाळी_अशोकचौक

ताई, जोकरचा भाग माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वोत्तम लिहिलेला भाग आहे. आणि म्हणूनच राग जास्त येतो. तो सुरू व्हायच्या आधी काय आहे बघा, रणगाडा. ज्यांना एवढं चांगलं लिहिता येतं, ‘सिटी’त मिस्टर फ्रीझ या खलनायकाची लढाई ज्यांनी केली (एक डाव एकदाच चालतो, दुसऱ्यांदा तो सावध असतो, दरवेळी नवीन काहीतरी शोधावं लागतं), त्यांच्याकडून मी लाटेमागून लाट का चालवून घेऊ? ज्याला जमतच नाही त्याच्यावर मी एवढा रागावलो नसतो.

विजापूर_रोड_जुना_खेळाडू

कथेचं म्हणाल तर अर्कम नाइट कोण हे गुपित फसलं. आधी सांगत होते की हे पात्र अगदी नवं आहे. पण जेसन टॉडची (बॅटमॅनच्या जुन्या रॉबिनची) आठवण दाखवायला सुरुवात झाली तेव्हाच कॉमिक्स वाचणाऱ्या सगळ्यांनी ओळखलं. गाडीपेक्षा मला ते जास्त लागलं.

नवीन_जुळेसोलापूर

सगळं वाचलं (शेवट कळला, चालतंय). धाकट्या भावानं सेलमध्ये ‘नाइट’ घेतलाय, आधीचे खेळलेलो नाही. थेट हाच लावला तर चालेल का?

किल्ल्याजवळची

नको. आधी ‘असायलम’, मग ‘सिटी’. दोन्ही जुने आहेत, साध्या पीसीवरही चालतात. जोकर मेलेला बघितल्याशिवाय ‘नाइट’मधल्या जोकरचा काही परिणाम होणार नाही.

मागवाल्याचा_पोरगा

आणि कंट्रोलर असला तर बघ. कीबोर्डवर मारामारी मस्त होती, गाडीला मात्र कंट्रोलर बरा पडतो.

सदरबझारची

‘नाइट’पर्यंत पोचलास की कोब्राच्या लढाया घाईनं उरकू नकोस. त्यांच्या नजरेचा टप्पा बघत जा. सगळ्यात अवघड पातळीवर लाव, मग कळेल मी काय म्हणतेय.

रात्रपाळी_अशोकचौक

अवघड पातळीवर लाव, पण आधी ‘ओरिजिन्स’मधला डेथस्ट्रोक हरवून ये. त्यानंतर ‘नाइट’मधला बघ आणि इथं येऊन सांग, मी चिडतोय ते बरोबर की नाही.