मिरचीची पानं आकसतायत, कडुनिंबाच्या तेलाने काहीच फरक नाही

बाल्कनीवाली:
ठाणे, पूर्वेची बाल्कनी, सकाळी सात ते साडेअकरा ऊन. १२ इंची चार कुंड्या, प्रत्येकीत ज्वाला मिरचीचं एक रोप, वय अडीच महिने. माती, कोकोपीट, गांडूळखत सारख्या प्रमाणात. तीन आठवड्यांपासून शेंड्याची पानं आकसून बारीक होतायत, कळ्या गळतायत. लिटरला १० मिली कडुनिंबाचं तेल घालून दर दहा दिवसांनी तीनदा फवारलं. उलट दोन रोपांची पानं करपली. हा बोकड्याच ना? उपटून टाकू का?

कुंडीतलं शेत:
ताई, इतक्यात उपटू नका. आपण ‘बोकड्या’ म्हणतो त्यात तीन वेगळी दुखणी येतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा. आधी पान कुठे वळलंय ते बघा.

पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर फुलकिडे. कोवळ्या शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. अर्धा ते एक मिलीमीटरचे, सुतासारखे पिवळसर जीव कागदावर पळताना दिसतात.

कडा खाली वळल्या, पान अरुंद झालं आणि देठ लांबला तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा अगदी बारीक जीव. हा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं.

पानं बारीक, खडबडीत, शिरा जाड, पेरं आखूड आणि झाडाची वाढच खुंटलेली असेल तर विषाणू. तो पांढरी माशी पसरवते. त्यावर औषध नाही. फक्त तेवढंच झाड पिशवीत घालून काढायचं.

आता तुमचं तेल. १० मिली जास्त झालं, ५ मिली पुरे. तेल पाण्यात थेट ओतलं तर वर तरंगतं. मग पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी निव्वळ तेल. ज्या पानांवर तो शेवटचा भाग पडला ती करपली असणार. आधी ५ मिली तेलात १ ते २ मिली पातळ साबण घोटायचा, मग थोडं कोमट पाणी घालून ढवळायचं. दुधाळ झालं की लिटरभर करायचं. तासाभरात संपवा. ऊन उतरल्यावर फवारा, आणि पानाच्या खालच्या बाजूने. किडी तिथेच बसतात.

दहा दिवसांचं अंतरही फार झालं. फुलकिड्यांची अंडी पानाच्या आत असतात, तिथवर फवारा पोचत नाही. ती फुटली की नवी फौज तयार. म्हणून दर ५ दिवसांनी, किमान चार वेळा.

गच्ची_माळी:
वरच्या माहितीत एक भर. फुलकिड्यांचा कोश बराचसा मातीत होतो. वरचा इंचभर थर मोकळा करून कुंडीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. निळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर टांगा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे लागतात.

आंबट ताकाचा सल्ला कोणीतरी देईलच. ताकाने कोळी किंवा फुलकिडे आटोक्यात येतील यावर विसंबू नका, त्यात हातचा आठवडा जातो.

बाल्कनीवाली:
कागदाची टिचकी केली. तीन रोपांखाली पिवळे जीव पळाले. चौथ्यावर काही नाही, पण पानं खाली वळलेली आणि देठ लांब.

कुंडीतलं शेत:
म्हणजे तीन फुलकिड्यांची आणि एक कोळ्याचं. ते चौथं दोन-तीन फूट लांब ठेवा. कोळी हाताला, कपड्याला लागून पसरतो, म्हणून त्याला शेवटी हात लावा. त्यावर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. पण तेल आणि गंधक एकत्र नको, दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं भाजतात. तुमच्या शेवटच्या तेलाच्या फवारणीपासून दिवस मोजा. तोवर रोज सकाळी पानांखाली पाण्याचा जोरदार फवारा मारा. ३५ अंशांवर ऊन असेल तर गंधक टाळाच.

शेंड्याचे अगदी आकसलेले दोन इंच कात्रीने कापा आणि पिशवीत बांधून टाका. कातरी दोन झाडांच्या मध्ये साबणाने धुवा.

वळलेली जुनी पानं सरळ होत नाहीत. उपाय लागू पडतोय की नाही ते नव्या पानावरून कळतं. ते सपाट, गडद निघालं म्हणजे लागला. दहा-बारा दिवस द्या.

गच्ची_माळी:
या काळात शेणपाणी, जीवामृत बंद ठेवा. नत्र वाढलं की पान लुसलुशीत होतं आणि किडीला तेच हवं असतं. कळी गळण्यामागे किडीबरोबर पाण्याची चढउतारही असते. कोकोपीट वरून कोरडं, आत ओलं असतं, म्हणून बोट दोन इंच खुपसून बघा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. आणि साडेचार तास ऊन मिरचीला कमी आहे. जागा असेल तर कुंड्या कठड्याजवळ सरकवा.